मागच्या खणातला माल

काका बूट करतात. दुकानात काचेमागे जोडीने मांडलेले असतात तसले नव्हेत. ज्यांचे पाय त्या बुटांत बसत नाहीत, अशी माणसं काकांकडे येतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच आत वळलेली, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. पाय अपघातात चेंगरून भलत्याच आकारात भरून आलेलेही असतात. काका स्टुलावर बसतात, समोरच्याचा पाय मांडीवर घेतात आणि बराच वेळ काही न बोलता नुसता हात फिरवतात. पहिल्यांदा आलेली माणसं संकोचून पाय मागे घेतात. दुसऱ्यांदा येणारी आल्या आल्या मोजा काढून बसतात.

असा बूट शिवायचा तर आधी त्या पायाची लाकडी प्रतिकृती लागते. तिला फर्मा म्हणतात. चामडं त्या फर्म्यावर ताणून बसवायचं, मग शिवायचं. फर्मा चुकला की बूट चुकला. काका हे फर्मे आयुष्यभर हाताने कोरत आले. खालच्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चालतं आणि भिंतीवर खिळ्यांना लाकडी पाय लटकलेले असतात. लहानपणी मला त्यांची भीती वाटायची. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, आणि रात्री हे पाय जिना चढून वर येतात असं मला माझ्या भावाने पटवून दिलं होतं.

मग काकांचा उजवा खांदा गेला. शिवण्यापुरता हात चालत होता, कारण शिवायला कोपराखालचा हात पुरतो. पण लाकूड कोरायला खांद्यातून जोर लागतो, आणि तो जोर लावला की काकांचा चेहरा पांढरा पडायचा. डॉक्टरांनी कोरकाम बंद करायला सांगितलं. काकांनी मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा रंधा हातात घेतला. शेवटी खांद्यानेच संप पुकारला, तेव्हा माणसं परत पाठवायची वेळ आली. त्यात एक बस कंडक्टर बाई होती. तिचा डावा पाय बसच्या दारात चेंगरला होता आणि दिवसभर उभं राहण्याची नोकरी होती. जुना बूट झिजला होता, जुना फर्मा तडकला होता. काकांनी तिला नाही म्हटलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

इथे माझी काकू या गोष्टीत येते. खरं म्हणजे गोष्ट तिचीच आहे.

काकूने खोकी बनवण्याच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या मशीनवर बरीच वर्षं काम केलं होतं. कारखाना बंद पडल्यावर ती घरी आली. तिचे कान मात्र तिथेच राहिले होते. शेजाऱ्यांचं मिक्सर नुसतं ऐकून ती सांगायची की याचं बुश गेलंय, आता आठवड्याची सोबत. शेजारीण हसायची आणि आठवड्याने मिक्सर घेऊन दारात उभी राहायची. काकूचा स्वभाव शांत. तिला राग फार उशिरा येतो. पण एकदा आला की तो पाहुण्यासारखा दोन दिवस राहून जात नाही, बिऱ्हाड करतो.

एका संध्याकाळी तिने मला खाली बोलावलं आणि सांगितलं की आपण मशीन करायचं. लाकूड कोरणारं, कॉम्प्युटरवर चालणारं. असं मशीन लोक घरी करतात, तिने मोबाइलवर पाहिलं होतं. पायाचं माप कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझं, कारण मी फर्निचरच्या कारखान्यात नकाशे काढते. बाकीचं ती बघेल. मशीन फर्मा दोन अर्ध्यांत कोरेल, उजवा अर्धा आणि डावा अर्धा. मग दोन्ही मधोमध चिकटवायचे.

काका आतून ऐकत होते. बाहेर येऊन एवढंच म्हणाले की लाकडाला आता मशीन हात लावणार असेल, तर आपल्यालाही त्या फर्म्यांशेजारी खिळ्याला लटकवून टाका. त्यानंतर त्यांनी मशीनचा विषयच सोडला. चहा घेतील, भाजीत मीठ कमी आहे म्हणतील, पण मशीन असलेल्या कोपऱ्याकडे बघायचं नाही.

सांगाडा आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या वेल्डरने करून दिला. मोटारी आल्या, वायरी आल्या, लाकूड कोरणारी मुख्य मोटारही आली. अडलं ते बेअरिंगपाशी.

असल्या मशीनमध्ये कोरणारी मोटार मागेपुढे, डावीउजवीकडे, वरखाली सरकत असते. ती सरकते गुळगुळीत, कडक पोलादी दांड्यांवर. त्यांना शाफ्ट म्हणतात. शाफ्टवर नळीसारखं बेअरिंग बसतं आणि त्याच्या आत बारीक छऱ्यांच्या रांगा फिरत असतात, म्हणून ते घासत नाही, वाहिल्यासारखं सरकतं. हे बेअरिंग शाफ्टवर जरा जरी आजूबाजूला हललं, तरी बाकी मशीन कितीही चांगलं असो, त्याचा उपयोग नाही. काकूला हे पक्कं माहीत होतं. म्हणून तिने ठरवलं की बाकी कुठेही काटकसर करू, इथे नाही. नावाजलेल्या परदेशी कंपनीचंच घ्यायचं.

त्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याला तिने फोन केला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं की आपली कंपनी कुठली. काकूने सांगितलं, कंपनी नाही, घर आहे. मुलगी म्हणाली की घरासाठी आमच्याकडे माल मिळत नाही. काकूने विचारलं, घराला दिला तर बेअरिंग फिरायचं थांबतं का? मुलीने साहेबांना विचारते म्हणून फोन ठेवला. साहेबांना विचारायला ती बहुधा चालत परदेशी गेली असावी, कारण तिचा फोन पुन्हा आलाच नाही. काकूने पुन्हा केला, तिसऱ्यांदा केला. एकदा कंपनीचा शिक्का मागितला, एकदा म्हणाले, घ्यायचं तर अख्खं खोकं घ्यावं लागेल. आमच्या मशीनला लागणार होती मूठभर. त्यांच्या खोक्यात निम्म्या शहराचे फर्मे कोरून झाले असते.

म्हणून ती बाजारातल्या बेअरिंगच्या दुकानात गेली. मी नंतर ते दुकान पाहिलं. अरुंद आणि खोल, जमिनीपासून छतापर्यंत लहान लहान खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचा एकेक नमुना स्क्रूने बसवलेला. तेलाचा वास. काउंटरमागे कपाळावर चष्मा चढवलेला मालक. काकूने कागदावरचं माप दाखवलं. मालकाने विचारलं, मिस्टर नाही आले? ती म्हणाली, ते शिवत बसलेत. मग त्याने विचारलं, मुलाच्या कॉलेजचा प्रोजेक्ट आहे का? ती म्हणाली, मशीन माझं आहे. तो हसला. तसं वाईट हसला नाही, असं काकू नंतरही सांगायची. लहान मुलाने मी मोठेपणी विमान चालवणार म्हटल्यावर आपण हसतो, तसं हसला. मग त्याच परदेशी कंपनीचं नाव छापलेली, प्लास्टिकमध्ये बंद केलेली चकचकीत खोकी काउंटरवर ठेवली. जोडीला शाफ्टही दिले. म्हणाला, डोळे मिटून न्या, ताई.

तिने तेच केलं. ते शब्द तिला पुढे फार लागले.

मशीन उभं राहिलं, त्याचा आवाज आला, त्याने एक लाकडी चकती कापून दाखवली. मी टाळ्या वाजवल्या. काका आतल्या खोलीत रेडिओचा आवाज वाढवून बसले. मग आम्ही कंडक्टर बाईच्या पायाचा फर्मा लावला. डावा अर्धा निघाला, उजवा निघाला. काकूने दोन्ही हातांत धरून एकमेकांना लावले, आणि ते जुळले नाहीत. टाचेपाशी नखाएवढी पायरी पडत होती. तेवढी पायरी म्हणजे त्या बाईच्या जखमेवर दिवसभर खडा.

पुढचे काही आठवडे मला अजून आठवतात ते काकूच्या पाठीमुळे. मी कामावरून येऊन खाली डोकावलं की ती मशीनवर वाकलेली दिसायची. सगळं खोललं, पुन्हा जोडलं. पट्टे ताणले. स्क्रू बदलले. माझे नकाशे तपासले, मी पण तीन तीनदा तपासले. मग तिला वाटलं की सांगाडाच वाकडा असणार. ती वेल्डरकडे गेली आणि त्याला बोलली. भर गल्लीत. तो गरीब माणूस काटकोन तपासायचा गुण्या घेऊन आला, प्रत्येक कोपऱ्याला लावून दाखवला. सांगाडा काटकोनात होता. त्याने गुण्या पुसला आणि तो गेला. काकूने दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात जाऊन माफी मागितली. घरी येऊन म्हणाली की आपल्याला जमण्यातलं हे नाही, उगाच तोंडघशी पडलो. काका आतून म्हणाले, लाकूड हाताला कळतं, तारेला नाही. तिने फडकं उचललं आणि मशीन पुसायला घेतलं.

बेअरिंगवर तिचा संशय गेलाच नव्हता. खोक्यावर नाव होतं ना. नावावर विश्वास ठेवायचा आणि स्वतःच्या हातावर ठेवायचा नाही, असं ते सगळं चाललं होतं.

उलगडा साध्या गोष्टीने झाला. मशीन पुसताना तिने सरकणारा भाग दोन बोटांत धरला आणि सहज आजूबाजूला हलवला. तो हलला. कट् असा बारीक आवाज आला. तिने पुन्हा हलवला. मग सगळे स्क्रू काढून शाफ्ट बाहेर ओढला. त्याच्यावर पेन्सिलीने ओढाव्यात तशा बारीक रेघा उठल्या होत्या. छऱ्यांनी दांडा खाल्ला होता. बेअरिंग काढताना त्यातला एक छर्रा निसटून कपाटाखाली गेला. खरा शाफ्ट इतका कडक असतो की त्याच्यावर कानस चालत नाही, नुसती घसरते. काकूने काकांच्या पेटीतली कानस घेतली. न विचारता, आमच्या घरात हा गुन्हाच. ती तिने शाफ्टवर ओढली. कानस लोण्यात सुरी जावी तशी रुतली आणि चमकदार भुकटी खाली पडली.

कानशीचा आवाज ऐकून काका बाहेर आले. आपली कानस लोखंडावर चाललेली पाहून ते भडकणार असंच मला वाटलं. त्यांनी भुकटी चिमटीत उचलून बघितली, शाफ्टवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे पोलाद नाही. पोलादाचं सोंग आहे." आणि आत गेले.

काकू तिथेच जमिनीवर बसून राहिली. मग तिचा राग आला. तो आरडाओरडा करत आला नाही. तिने बेअरिंगं एकेक करून कानशीसकट फडक्यात गुंडाळली, शाफ्टला दोरी बांधली, साडी बदलली आणि मला म्हणाली, चल. वाटेत एवढंच बोलली की पैशाचं मेलं जाऊ दे, त्याने मला माझ्याच हातांवर शंका घ्यायला लावली. त्याच्यापायी मी त्या वेल्डरला बोलले.

दुकानात गर्दी होती. काकूने फडकं काउंटरवर सोडलं आणि माल खोटा असल्याचं सांगितलं. मालकाने फडक्याकडे पाहिलंही नाही. बसवलेला माल परत घेत नाही, म्हणाला. मग म्हणाला की बसवताना हातोडी मारली असणार. काकूने हातोडी मारली नव्हती. तेल दिलं नसेल. दिलं होतं. जास्त दिलं असेल. प्रत्येक उत्तराबरोबर तो काकूच्या डोक्यावरून माझ्याकडे बघायला लागला. शेवटी मला म्हणाला की तुम्ही शिकलेल्या दिसता, जरा समजावून सांगा यांना, या मापाच्या गोष्टी असतात, बायकांच्या हाताचं काम नाही हे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मीही बाईच आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं की आलं होतं, देव जाणे.

काकूने आवाज चढवला नाही. तिने शाफ्ट काउंटरवर आडवा ठेवला, त्यावर बेअरिंग ओवलं आणि बाजूला उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती एकच गोष्ट सांगत होती, "जरा हलवून बघा हो. मला सांगा, हे हलतंय असं मलाच वाटतं का." एवढंच. लोक हलवून बघायचे. काही जण मालकाकडे बघून गप्प बसायचे, काही जण खरेदी न करताच काहीतरी विसरल्यासारखं करून बाहेर पडायचे. लाकडी दारांवर मशीनने नक्षी कापणारा एक माणूस होता. त्याने बेअरिंग हलवलं, पुन्हा हलवलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"माझंही असंच हलतं," तो म्हणाला. "इथूनच नेलंय. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. दारांची दोन कामं हातची गेली माझ्या."

हे ऐकल्यावर काकूचा चेहरा असा झाला की मी तिच्या कोपराला हात लावला.

मालकाने आता दुसरा उपाय काढला. बिलावर घरचा नंबर होता, म्हणजे काकांचा. त्याने आमच्यासमोर फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. आवाजात मध घालून म्हणाला की तुमच्या मिसेस दुकानात तमाशा करतायत, गिऱ्हाइकं खोळंबलीत, जरा समजावा त्यांना, घरच्या माणसाचं ऐकतात बायका. काकांना ते मशीन पहिल्या दिवसापासून नको होतं. पसारा मिटवायला याहून चांगली संधी त्यांना मिळणार नव्हती.

पलीकडे शिलाईच्या मशीनचा आवाज थांबला.

"ती काय म्हणतेय?" काकांनी विचारलं.

"म्हणतायत माल खोटा आहे."

"मग आहे का?"

"अहो, त्यांना त्यातलं काय कळतं—"

"ती तुमच्यासमोर उभी आहे ना? मग मला कशाला फोन करता? तिच्याशी बोला." मग काका म्हणाले, "मी निघालोच."

काका आले ते कामाचा ॲप्रन तसाच घालून, अंगाला चामड्याचा आणि गोंदाचा वास घेऊन. त्यांना बघून मालकाचा जीव भांड्यात पडला. बसा साहेब, पाणी घ्या साहेब, पुरुषाशी पुरुषाने बोलावं तसं सगळं मोकळेपणाने सांगायला लागला. काका ऐकत होते. मालकाचं बोलून झालं तेव्हा त्यांनी हनुवटीने काकूकडे खूण केली. मालकाने पुन्हा त्यांच्याशीच सुरुवात केली. काकांनी पुन्हा हनुवटी काकूकडे वळवली. असं चारपाच वेळा झालं. काउंटरपाशी कुणीतरी हसलं. आणि शेवटी त्या माणसाला काकूकडे तोंड करावंच लागलं. तिच्या इतक्या वेळच्या बोलण्यात पहिल्यांदाच.

तो आत गेला. दुकानाच्या अगदी मागे, अंधारातला एक खण त्याने किल्लीने उघडला आणि तसलीच दोन खोकी आणली. नाव तेच, रंग तोच. काकूने एक बेअरिंग काढलं. मालकाने जोडीचा शाफ्ट दिला. तिने ते ओवलं आणि शाफ्ट जरा तिरका केला. बेअरिंग आपल्या आपण खाली गेलं, आवाज न करता, पाण्याचा थेंब काचेवरून जावा तसं. तिने हलवून पाहिलं. हललं नाही. तिने फडक्यातून काकांची कानस काढून शाफ्टच्या टोकाशी ओढली. कानस घसरली.

काकूने विचारलं, हे त्या दिवशी का दिलं नाही.

मालक आता थकला होता. थकला म्हणून खरं बोलला असावा. म्हणाला की हा कंपन्यांचा माल आहे ताई, त्यांच्याकडे माल आला की मोजून, तपासून घेतात, तिथे दुसरं चालत नाही.

"म्हणजे जे तपासतात त्यांना खरा," काकू म्हणाली, "आणि जे तुमच्यावर विश्वास ठेवतात त्यांना खोटा."

मालक इकडे तिकडे बघत म्हणाला की सगळी गल्लीच असं करते. मग खालच्या आवाजात त्याने सौदा टाकला. ही खोकी आणि जोडीचे शाफ्ट घेऊन जा, वर काही द्यायचं नाही, फक्त पुन्हा असं दुकानात उभं राहून लोकांना सांगत बसायचं नाही.

मला भीती होती की रागाच्या भरात ती खोकी तिथेच टाकून निघेल. तशी ती निघाली नाही. तिने खोकी पिशवीत घातली. म्हणाली की यांचे पैसे मी तेव्हाच दिलेत, त्यामुळे ही तुम्ही मला देत नाही आहात, माझी मी घेते आहे. उभं राहायचं की नाही ते माझं मी बघेन. मग ती त्या नक्षीच्या दारवाल्याकडे वळली आणि त्याने नेलेली बेअरिंगं घेऊन उद्या इथे यावं, तीही येईल, असं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. काकांनी शाफ्ट खांद्यावर घेतले, डाव्या, आणि आम्ही निघालो. बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. उतरताना काका म्हणाले की त्या कानशीची धार गेलीय. काकू म्हणाली, नवी आणू.

त्या परदेशी कंपनीलाही आम्ही कळवलं. मी सगळं व्यवस्थित लिहिलं, खोक्यांचे फोटो जोडले. त्यांचं उत्तर आलं. कंपनीला या प्रकाराबद्दल खेद आहे, आणि ग्राहकांनी नेहमी अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी अशी विनंती आहे. म्हणजे त्याच विक्रेत्याकडून, जो घराला माल देत नाही. काकूने ते मला दोनदा वाचायला लावलं. पहिल्यांदा तिला वाटलं की मीच काहीतरी चुकीचं वाचतेय.

मशीन मात्र नीट झालं. कंडक्टर बाईच्या फर्म्याचे दोन अर्धे निघाले, काकूने ते चिकटवले आणि काकांच्या कामाच्या टेबलावर ठेवून ती भांडी घासायला गेली. मी दारातून बघत होते. काकांनी फर्मा उचलला, जोडावरून नख फिरवलं. नख अडलं नाही. पुन्हा फिरवलं. मग फर्मा मांडीवर घेऊन, माणसाच्या पायावर फिरवतात तसा हात फिरवत बसले. बऱ्याच वेळाने आतल्या दिशेने म्हणाले की अंगठ्यापाशी जरा जाड आहे, पण ते मी काढतो. आणि पॉलिश पेपर घेऊन बसले. तेवढं काम त्यांचा खांदा देत होता. आता सगळे फर्मे तसेच होतात. मशीन आकार काढतं, शेवटचा हात काकांचा. अंगठ्यापाशी दर वेळी त्यांना काहीतरी जाड सापडतंच. मी नकाशा कितीही अचूक काढला तरी सापडतं. मी आता त्यावर बोलत नाही.

बाई नवे बूट घालून खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, मग बाहेर गल्लीत चालली, आणि परत आल्यावर म्हणाली की आता बसमध्ये दिवसभर उभी राहीन. काका लाजले. काकूही हसली. पण मशीनचं कौतुक निघालं आणि बाई म्हणाली की सरकताना आवाजसुद्धा होत नाही हो याचा, तशी काकूचं हसू मावळलं. तिने बाईला पहिल्यापासून सगळं सांगितलं. खरं बेअरिंग त्याच दुकानात, माझ्यापासून चार पावलांवर, कुलपात होतं आणि तो मला ताई म्हणून खोटं देत होता, हे सांगताना तिचा राग पहिल्या दिवसाइतकाच ताजा होता. चांगली वस्तू मिळाल्याचा आनंद म्हणून जो असतो, तो तिला त्या बेअरिंगचा कधी झालाच नाही. ते गुपचूप सरकायला लागलं की तिला राग येतो. काका म्हणतात, झालं ना आता, मिळालं ना. ती म्हणते, मला मिळालं म्हणून तो माणूस खरा झाला का.

दारवाल्याचीही बेअरिंगं बदलून मिळाली. काकू बरोबर गेली होती. दारवाल्याने आणखी कुणाला सांगितलं, त्याने आणखी कुणाला. कुणी घरच्या घरी पाट्या कापणारा, कुणी खेळणी करणारी बाई, कुणी निवृत्त मास्तर. लोकांचे काकूला फोन यायला लागले, आणि ती वेळ काढून त्यांच्याबरोबर त्या दुकानात जायला लागली.

तेव्हा मालकाने एक पाटी करून घेतली आणि काउंटरच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी लावली. "माल तपासून घ्यावा. नंतर तक्रार चालणार नाही." खोटा माल विकणं थांबवायच्या ऐवजी त्याने फसण्याची जबाबदारीही गिऱ्हाइकावर टाकली. मी ती पाटी वाचली आणि मला वाटलं की आता इथे दगडफेक तरी होईल.

काकूने पाटी सावकाश वाचली. पर्समधून चष्मा काढला. बरोबरच्या मास्तरांना हवी असलेली बेअरिंगं मालकाने काउंटरवर ठेवली, तेव्हा तिने पहिलं खोकं उघडलं, बेअरिंग फडक्याने पुसलं, शाफ्टवर ओवलं, तिरकं केलं, हलवलं, उजेडात धरलं आणि बाजूला ठेवलं. मग दुसरं उघडलं. मग तिसरं. मागे रांग लागली. रांगेतल्या लोकांना काय चाललंय ते कळलं, आणि पुढच्याने आपलीही खोकी उघडायला घेतली. मालकाने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, अहो ताई, असं एकेक बघत बसलात तर दुकान बंद करायची वेळ होईल.

काकूने मान वर केली नाही.

"पाटी तुमचीच आहे," ती म्हणाली आणि चौथं खोकं पुढे ओढलं.